विजयाच्या तारखा आणि कैद्यांची भाकरी

रमजानचा चंद्र दिसला की आटपाडीच्या पेठेत, बसस्थानकावर, मशिदीच्या पायरीवर बसलेल्यांच्या मोबाइलवर दोन गोष्टी येऊ लागतात. एक म्हणजे सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक. दुसरी म्हणजे रमजानचे दिनविशेष. आज १७ रमजान, बद्रची लढाई. आज २० रमजान, मक्का विजय. आज २५ रमजान, ऐन जालूतच्या मैदानावर मंगोलांचा पराभव. आज २८ रमजान, तारिक बिन जियादचा स्पेनमधील विजय. चित्र बहुधा एकाच साच्याचे असते. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि वर फडकणारे निशाण. पाठवणारा पुण्य समजून पाठवतो, घेणारा 'माशाअल्लाह' लिहून पुढे ढकलतो. शेजारी बसलेला हिंदू मित्र ते चित्र पाहतो आणि त्याचा समज होतो की रमजान म्हणजे लढाया जिंकण्याचा महिना.

या तारखा खोट्या नाहीत. त्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. पण त्या अर्ध्याच सांगितल्या जातात. कोण जिंकले ते चित्रात येते. जे हरले, जे हाती सापडले, त्यांचे पुढे काय झाले, हे चित्रात येत नाही. रमजानच्या दृष्टीने पाहिले तर महत्त्वाचा भाग तोच आहे.

तारखांचा हिशेब आधी समजून घ्यावा. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते साधारण ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना नसतो. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माणदेशातल्या ज्या माणसाने लहानपणी वैशाखाच्या उन्हात पहिला रोजा धरला, त्याच्या वाट्याला पुढे थंडीतला रमजानही येतो. दुसरे म्हणजे हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. रात्र आधी येते, दिवस नंतर. तिथी आणि तारखेचा गोंधळ महाराष्ट्राला नवा नाही. शिवजयंतीचा वाद प्रत्येक गावाला ठाऊक आहे. तारखा मोजण्यात माणसांचे मतभेद होतात, पण ज्या कारणासाठी ती तारीख लक्षात ठेवायची, त्यावर एकमत व्हायला हरकत नसावी.

रमजानचे तीन भाग मानण्याची परंपरा आहे. त्यांना अशरा म्हणतात. पहिले दहा दिवस रहमतचे, म्हणजे दयेचे. मधले दहा मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे. शेवटचे दहा निजातचे, म्हणजे सुटकेचे. मोबाइलवर फिरणाऱ्या तारखा या तीन खणांत ठेवून पाहिल्या की त्यांचा अर्थ बदलतो.

पहिल्या अशऱ्याचा शेवटचा दिवस १० रमजान. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी हीच तारीख होती. त्या दिवशी इजिप्तच्या फौजांनी सुवेझ कालवा ओलांडला. त्या आठवणीसाठी कैरोजवळ 'दहा रमजान' याच नावाचे औद्योगिक शहर वसवले गेले. पण परंपरेनुसार १० रमजान हा हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनाचाही दिवस आहे. त्या मक्केतील नावाजलेल्या व्यापारी होत्या. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवणाऱ्या त्याच. मक्केच्या सरदारांनी पैगंबरांच्या कुळावर बहिष्कार टाकला, अन्नधान्य तोडले, तेव्हा त्यांनी आपली संपत्ती खर्ची घातली. बहिष्कार उठल्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे चित्र मोबाइलवर क्वचितच येते, कारण त्यात तलवार दाखवता येत नाही.

बद्रचे कैदी

मधल्या अशऱ्यात १७ रमजान येतो. हिजरी सन २, इसवी सन ६२४. मदिनेहून निघालेले सुमारे ३१३ लोक बद्रच्या विहिरींजवळ मक्केच्या सुमारे हजार लोकांसमोर उभे राहिले. मदिनावाल्यांकडे घोडे अवघे दोन. तरी ते जिंकले. इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ असते.

लढाई संपल्यावर सुमारे सत्तर कैदी हाती आले. हे लोक परके नव्हते. कोणी कोणाचा भाऊ होता, कोणी चुलता. खुद्द पैगंबरांचे चुलते अब्बास त्या कैद्यांत होते. यांच्यापैकी अनेकांनी मक्केत असताना मुसलमानांचा छळ केला होता, त्यांना घरादारांतून हुसकले होते. आता काय करायचे, यावर मसलत झाली. हजरत उमर (रजि.) यांचे मत कठोर शिक्षेचे होते. हजरत अबू बकर (रजि.) यांनी दंड घेऊन सोडावे असे सुचवले. दोघांना आधीच्या वैरासाठी देहदंड झाला, हेही इतिहासकार लिहून ठेवतात. बाकीच्यांसाठी मात्र अबू बकर यांचा सल्ला मानला गेला.

पुढचा भाग रोजेदाराने नीट ऐकण्यासारखा आहे. कैदी मदिनेतल्या घराघरांत वाटून दिले गेले आणि त्यांना चांगले वागवा अशी ताकीद दिली गेली. त्या काळी मदिनेत खजूर मुबलक आणि भाकरी दुर्मीळ. अबू अजीज नावाच्या एका कैद्याने नंतर सांगितले की, त्याला ठेवून घेणारे लोक जेवायच्या वेळी भाकरी त्याला द्यायचे आणि स्वतः खजुरावर भागवायचे. त्याला लाज वाटून तो भाकरी परत करायचा, तर ते पुन्हा त्याच्याच हाती ठेवायचे. हे लोक कालपर्यंत त्याच्याशी लढत होते.

सुटकेचा दंड प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे ठरला. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, अशांपैकी काहींना काही न घेता सोडले गेले. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी, हाच त्यांचा दंड ठरला. शत्रूला गुरुजी म्हणून आपल्या मुलांसमोर बसवण्याची ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीची. कुरआनात गरीब, अनाथ आणि कैदी या तिघांना एकाच रांगेत ठेवून त्यांना जेवू घालणाऱ्यांची वाखाणणी केली आहे. गरीब आणि अनाथ रमजानमध्ये सगळ्यांना आठवतात. तिसरा मात्र विसरला जातो.

ज्या दिवशी बदला शक्य होता

क्षमेच्या अशऱ्याचा शेवटचा दिवस २० रमजान. हिजरी सन ८, इसवी सन ६३०. तह मोडला गेल्यावर पैगंबर (स.) दहा हजार लोकांसह मक्केला आले. ज्या शहराने त्यांना बाहेर काढले होते, त्याच शहरात ते उंटावर बसून मान खाली घालून शिरले. एका सरदाराने उत्साहाच्या भरात आजचा दिवस कत्तलीचा असे म्हटले, तेव्हा त्यांच्या हातचे निशाण काढून त्यांच्याच मुलाकडे दिले गेले आणि आजचा दिवस दयेचा आहे असे सांगितले गेले. जो आपल्या घराचे दार लावून बसेल तो सुरक्षित, जो काबागृहाच्या आवारात जाईल तो सुरक्षित, जो अबू सुफियानच्या घरात जाईल तोही सुरक्षित, अशी द्वाही फिरली. हे अबू सुफियान म्हणजे वर्षानुवर्षे विरोधी फौजेचे नेतृत्व करणारे. विरोधकाच्या घरालाच आसऱ्याचे ठिकाण केले गेले. शिक्षेसाठी नावे काढलेली मोजकी माणसे होती. त्यांतल्याही बऱ्याच जणांना पुढे माफी मिळाली.

काबागृहाच्या किल्लीची गोष्टही त्याच दिवसाची. किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्या घराण्याकडे होती. ती मागून घेतली गेली, दार उघडले गेले आणि नंतर पुन्हा त्यांच्याच हाती दिली गेली. आजही ती किल्ली त्याच घराण्याकडे आहे. सत्ता बदलली की आधीच्या माणसाच्या हातातले सगळे काढून घ्यायचे, या रीतीला ही गोष्ट उलटी आहे.

दुसऱ्याच दिवशी, २१ रमजानला, आणखी एक तारीख येते. हिजरी सन ४०, इसवी सन ६६१. कुफ्याच्या मशिदीत १९ रमजानला पहाटेच्या नमाजच्या वेळी हजरत अली (रजि.) यांच्यावर इब्न मुल्जिमने विषारी तलवारीने वार केला. दोन दिवसांनी, २१ रमजानला, ते वारले. मृत्युशय्येवरून त्यांनी मुलांना जे सांगितले, ते जगातल्या कोणत्याही तुरुंगाच्या भिंतीवर लावावे असे आहे. पकडलेल्या मारेकऱ्याला नीट खायला-प्यायला द्या. मी वाचलो तर त्याचे काय करायचे ते मी पाहीन. मी गेलो तर एका वाराला एकच वार, त्याहून जास्त नाही. त्याच्या देहाची विटंबना करू नका आणि माझ्या नावावर दुसऱ्या कोणाला मारू नका. हा त्यांच्या सांगण्याचा आशय. त्यांनी गुन्हा माफ केला नाही. न्याय न्यायाच्या मापात ठेवला.

१७, २० आणि २१ या तीन तारखा पाच दिवसांत येतात. तिन्हींमध्ये एकच प्रश्न आहे. हाती सापडलेल्या माणसाशी, ज्याचे काहीही करता येईल अशा माणसाशी, कसे वागायचे?

आटपाडीचे उत्तर

आटपाडीकरांना हा प्रश्न परका वाटू नये. या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या शिवारातच आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. त्या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते होते, जे भारतानंद या नावानेही ओळखले जात. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या माणसांना भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय ठेवायचे, त्यांना जमीन कसायला द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचे, हा तो प्रयोग. पळून जायला वाट मोकळी होती. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकला आहे ही जाणीव.

राजा हिंदू होता, फ्रीडमन पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले, सल्ला गांधींचा. मदिनेतल्या कैद्यांची गोष्ट वाचून त्यांनी हे केले, असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही मदिनेच्या घरांतली ती भाकरी आणि माणदेशातले हे बिनभिंतीचे गाव एकाच जातीचे आहेत. चांगुलपणाची वाट एकाच धर्माच्या मालकीची नसते.

संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आटपाडी आधी दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली या नावाच्या जिल्ह्यात आली. स्वतंत्रपूर मात्र राहिले आणि पुढे राज्याच्या कारागृह विभागाकडे आले. या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. आटपाडीचे नाव डाळिंबासाठी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारासाठी घेतले जाते. ते स्वतंत्रपूरसाठीही तितक्याच अभिमानाने घेतले जायला हवे.

तिसरा कुठे आहे?

आता आजचा हिशेब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे, गुन्हा शाबित झालेला नाही असे. चार कैद्यांमागे तीन. यांत गंभीर गुन्ह्यांचे आरोपी आहेत, तसेच जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा रोख रक्कम नाही म्हणून आत राहिलेलेही आहेत. त्यांच्या घरी रोजंदारी बुडालेली असते, म्हातारी आई तारखेच्या दिवशी वकिलाच्या दारात बसलेली असते. ते घर कोणत्याही धर्माचे असू शकते.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्यासाठी मदत मिळू शकते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही. पण दार उघडे असले तरी दारापर्यंत कोणीतरी हात धरून न्यावे लागते. अर्ज कोणी लिहायचा, कागद कोणी जमवायचे, कार्यालयात खेटे कोणी घालायचे?

रमजानमध्ये मुसलमान समाज जकात काढतो. निसाबइतकी संपत्ती असणाऱ्याने वर्षाला अडीच टक्के. ती कुठे खर्च करावी याचे आठ मार्ग कुरआनात सांगितले आहेत. त्यांत बंधनातल्या माणसांची मुक्तता आहे आणि कर्जाखाली दबलेल्यांची मदतही आहे. बंधनाचा मूळ अर्थ गुलामी. आजच्या कैद्याला तो लागू करावा की नाही, यावर उलेमांत दोन मते आहेत. म्हणून जकातीबाबत आपल्या मौलानांना विचारूनच पाऊल टाकावे. पण सदका, म्हणजे स्वखुशीचे दान, त्याला अशी अडचण नाही. ते कोणालाही देता येते, घेणाऱ्याचा धर्म विचारावा लागत नाही. प्रत्येक मशिदीच्या जमातीने रमजानमध्ये एका अडकलेल्या कैद्याची सोय लावायची ठरवली, विधी सेवा प्राधिकरणाकडून नाव घेतले, कागदपत्रांसाठी गावातल्याच एखाद्या वकिलाला बरोबर घेतले, तर तो १७ रमजान खऱ्या अर्थाने पाळला जाईल. इफ्तारच्या एका मोठ्या दावतीच्या खर्चात हे होण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल. गुन्हेगारांची एवढी काळजी, मग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याचा माणूस गेला, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण कच्चा कैदी अजून गुन्हेगार ठरलेला नाही, आणि त्याला न्यायालयानेच जामीन दिलेला आहे. पैशाअभावी तो आत राहिला, तर पीडिताला त्यातून काहीच मिळत नाही. तेवढी शिक्षा फक्त गरिबीला होते. हजरत अलींनी स्वतः पीडित असताना न्यायाचे माप सांगितले. एका वाराला एकच वार. त्याहून जास्त जे काही होते, ते न्यायाच्या नावावर होत असले तरी न्याय नसते.

सत्ताविसावी रात्र

शेवटचा अशरा सुटकेचा. त्यातल्या विषम रात्रींपैकी एक शब-ए-कद्र, कुरआन अवतरण्यास सुरुवात झाली ती रात्र. बहुतेक ठिकाणी ती सत्ताविसावी मानून मशिदी रात्रभर जाग्या असतात. १४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र हीच रात्र होती, रमजान १३६६ ची सत्ताविसावी. उजाडला तो शुक्रवार, रमजानचा अखेरचा जुमा. देश गुलामीतून सुटला तो सुटकेच्या अशऱ्यात. ज्यांनी औंधच्या राजाला प्रजेवर विश्वास टाकायचा सल्ला दिला होता, ते गांधीजी त्या दिवशी दिल्लीच्या सोहळ्यात नव्हते. फाळणीच्या वणव्यात होरपळलेल्या कलकत्त्यात, बेलियाघाटाच्या हैदरी मंजिलमध्ये ते उपवास करून बसले होते. त्या दिवशी शहरातल्या मुसलमानांचा रोजा होता आणि गांधींचा उपवास. तीन दिवसांनी ईद झाली.

ही तारीख मोबाइलवरच्या दिनविशेषांत फारशी दिसत नाही. ती दिसायला हवी. हिंदूंनाही सांगता येईल, मुसलमानांनाही सांगता येईल, अशी ती तारीख आहे.

पुढच्या १७ रमजानला घोड्याचे चित्र पाठवण्याआधी पाठवणाऱ्याने क्षणभर थांबावे. त्याच्याखाली एवढेच लिहावे की त्या लढाईनंतर जिंकलेल्यांनी खजूर खाल्ले आणि हरलेल्यांना भाकरी दिली. वाचणारा मुसलमान असो वा नसो, त्याला रमजान कळायला तेवढे पुरेसे आहे. आणि ज्याला आणखी कळून घ्यायचे असेल, त्याच्यासाठी आटपाडीहून स्वतंत्रपूर काही लांब नाही.